सप्तकाचे एकतीस तुकडे

पियानोचा स्वर उमटला की लगेच विरू लागतो, त्यामुळे जरा बेसूर असला तरी खपून जातो. चर्चमधल्या पाइप ऑर्गनला ही सवलत नाही. पट्टी दाबलेली असेपर्यंत पाइपात हवा जात राहते, स्वर तसाच उभा राहतो आणि त्यातली खोटही.

कसली खोट? सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर बसतो. बारा समान भाग पाडलेल्या पट्ट्यांवर मात्र तो ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. पट्ट्यांमधला मधला सी (षड्ज) २६१.६ हर्ट्झचा धरून त्याच्याबरोबर ई, म्हणजे त्याचा गंधार, वाजवला, तर सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथर होते.

सतराव्या शतकातले ऑर्गन बऱ्याचदा वेगळे जुळवलेले असत: पंचम किंचित उतरवायचा आणि गंधार शुद्ध ठेवायचा. पण उतरवलेले सगळे सेंट शेवटी एकाच पंचमात साठत. तो ७३८ सेंटपर्यंत फुगे आणि असा विव्हळे, की त्याचे नावच ‘लांडगा’ पडले.

शनीचा उपग्रह टायटन शोधणाऱ्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६९१ मध्ये दाखवले, की सप्तकाचे एकतीस समान भाग केले तर जवळपास तीच जुळणी मिळते आणि लांडगाही उरत नाही. त्याच मापाचा ऑर्गन डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी बनवून घेतला. १९५० मध्ये तो नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात बसला. पुढे तो ॲमस्टरडॅमला गेला. यात गंधार ३८७.१ सेंटवर येतो आणि मघाची थरथर दीड-पावणेदोन सेकंदांतून एकदा येणाऱ्या हेलकाव्यावर उतरते. पंचम मात्र ५ सेंट कमी पडतो. फुकट काही मिळत नाही.

जुनी रचना या मापात बसवायची तर नुसता आकडा बदलून भागत नाही. सी ते डी हे अंतर इथे पाच भागांचे. सी शार्प (चढवलेला सी) दुसऱ्या भागावर, डी फ्लॅट (उतरवलेला डी) तिसऱ्यावर. मिडी फाइलला, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबायची याची संगणकी नोंद, यातले काहीच ठाऊक नसते. तिच्या लेखी दोन्ही म्हणजे ६१ क्रमांकाची पट्टी. म्हणून मूळ स्वरलिपी उघडून संगीतकाराने काय लिहिले होते ते पाहावे लागते.

त्याचे फळही मिळते. डच संगीतकार स्वेलिंकच्या ‘फँटेसिया क्रोमॅटिका’चा विषय, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मुख्य धून, डीपासून एपर्यंत पायरीपायरीने उतरतो. बारा भागांत सगळ्या पायऱ्या सारख्या, सपाट. एकतिसांत त्या तीन, दोन, तीन, दोन, तीन अशा पडतात आणि उतरण्याला लंगडी, दुखरी चाल येते. मला तरी ही चाल ऐकल्यावर सपाट जिना नकोसा वाटतो.

बाख मात्र अडवतो. जी मायनरमधल्या त्याच्या ऑर्गन फँटेसियात (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही ५४२) तो एकच स्वर एका नावाने घेतो आणि दुसऱ्या नावाने सोडतो. त्या फटीतून संगीत भलत्याच सुरावटीत शिरते. ही हातचलाखी बारा भागांतच पचते. तिथे लहान (कोमल) गंधार तीन भागांचा, असे चार रचले की बरोबर बारा, सप्तक पूर्ण. एकतिसांत तोच गंधार आठ भागांचा. आठ चोक बत्तीस, एक भाग जास्त. म्हणजे नाव बदलते त्या क्षणी स्वर जागेवर राहू शकत नाही. त्याला ३९ सेंट सरकावे लागते, आणि ऑर्गनवर ते लपत नाही.