वेटरूममधला संशय: अमेरिकेतलं शालेय फुटबॉल आणि स्टिरॉइड चाचण्या

टेक्सास राज्यानं २०१५ मध्ये शालेय खेळाडूंच्या स्टिरॉइड (स्नायू वाढवणारी, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकासारखी औषधं) चाचण्या गुंडाळल्या. २००८ पासून ६०,००० हून अधिक मुलामुलींच्या लघवीचे नमुने तपासून झाले होते, सुमारे १ कोटी डॉलर खर्ची पडले होते आणि हाती फारसं कोणी लागलं नव्हतं. त्यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. काहींच्या मते मुलं काही घेतच नव्हती, उगाच बाऊ केला गेला. बाकीच्यांच्या मते मुलं घेत होती, चाचणीच कुचकामी होती. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट नजरेआड केली. या चाचण्या संशयाचा निकाल लावायला नव्हत्याच. संशय घ्यायची वेळच येऊ नये, अशी त्यांची मांडणी होती, आणि त्या मांडणीचा उगम टेक्सासमध्ये नाही. तो ओरेगनमधल्या एका लाकूडतोड्यांच्या गावात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९५० च्या आसपास वजनं उचलणं हाच अमेरिकन फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळायचा तिथला खेळ) संशयाचा विषय होता. स्नायू आखडतात, खेळाडू मंद होतो, अशी प्रशिक्षकांची ठाम समजूत होती आणि कित्येक शाळांत बारबेलला हात लावायला बंदी होती. लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात एका जिमचालकानं ऑलिंपिक वेटलिफ्टर्सची तयारी जवळून पाहिली होती. स्थानिक हायस्कूलच्या संघाला वजनं उचलायला लावा, असा लकडा त्यानं शाळेमागे लावला. १९५५ मध्ये तो संघ राज्यविजेता ठरला आणि 'आखडतात'वाल्यांची बोलती बंद झाली. पुढे १९६३ मध्ये हाच माणूस सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघाचा ताकद-प्रशिक्षक झाला. त्या वर्षीच्या सराव शिबिरात खेळाडूंच्या ताटाशेजारी डायनाबॉल या स्टिरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या गुलाबी गोळ्या असत. संघानं त्या मोसमात विजेतेपद पटकावलं. शाळेत बारबेल नेणारा आणि व्यावसायिक संघात गोळी नेणारा माणूस एकच निघावा, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. दोन्हींची शिकवण त्यानं वेटलिफ्टिंगच्या एकाच वर्तुळातून घेतली होती.

सत्तरच्या दशकात वेटरूम, म्हणजे वजनं उचलायची खोली, शाळाशाळांत पोचली. नेब्रास्कातल्या विद्यापीठानं १९६९ मध्ये ताकद-प्रशिक्षक नेमला, त्याचं अनुकरण इतर विद्यापीठांनी केलं आणि विद्यापीठांचं पाहून हायस्कुलांनी. बेंच, स्क्वॉट, पॉवर क्लीन या वजन उचलण्याच्या प्रकारांचे आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लागू लागले. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी मुलं हेरायला येणारे लोक ते आकडे विचारू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत वजन वाढवून ऑगस्टमध्ये परतणं ही लाइनमधल्या, म्हणजे पुढच्या फळीत धडका घेणाऱ्या, मुलांकडून असलेली अपेक्षाच होऊन बसली.

१९८८ च्या डिसेंबरात देशातल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात बारावीतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ४६ शाळांतल्या ३,४०३ मुलांपैकी ६.६ टक्के मुलांनी स्टिरॉइड घेतल्याचं किंवा घेत असल्याचं लिहून दिलं होतं. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक मुलांनी सोळाव्या वर्षी किंवा त्याआधीच सुरुवात केली होती. मथळे याच आकड्यांचे झाले. त्याच पाहणीतली दुसरी माहिती मात्र फारशी कोणी उचलली नाही. घेणाऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं शाळेच्या कुठल्याच संघात नव्हती, आणि पावपेक्षा जास्त मुलांनी मुख्य कारण म्हणून दिसण्याचं नाव घेतलं होतं. खेळाडूंचा प्रश्न म्हणून गाजलेली ही गोष्ट सुरुवातीपासूनच काही अंशीच खेळाडूंची होती. १९९० मध्ये केंद्रीय कायद्यानं अॅनाबॉलिक स्टिरॉइड नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या अनुसूचीत टाकली. डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचा त्याला विरोध होता, पण तो टिकला नाही.

आता ते ओरेगनमधलं गाव, व्हर्नोनिया. ऐंशीच्या दशकाअखेर तिथल्या शाळेत बेशिस्त आणि अमली पदार्थ वाढल्याची तक्रार होती, आणि त्यात खेळाडूच पुढे असल्याचं शाळेचं म्हणणं होतं. १९८९ मध्ये नियम झाला की खेळायचं असेल तर मुलानं आणि पालकांनी चाचणीच्या संमतिपत्रावर सही करायची. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांची चाचणी, पुढे दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून दहा टक्के मुलांची. मुलगा मुतारीकडे तोंड करून उभा राही, त्याच्या मागे बारा ते पंधरा फुटांवर देखरेखीला एक माणूस. १९९१ मध्ये सातवीतल्या एका मुलाला फुटबॉल खेळायचं होतं. त्याच्यावर कोणाचाही कसलाही संशय नव्हता, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर आईवडिलांनी सही नाकारली. शाळेनं त्याला संघात घेतलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ जून १९९५ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मतांनी शाळा जिंकली.

या निकालावर आजवर बरंच लिहिलं गेलं आहे, बहुतेक खासगीपणाच्या अंगानं. खेळाडू तसेही एकत्र कपडे बदलतात, एकत्र आंघोळ करतात, तेव्हा त्यांनी लाजायचं कशाला, हा बहुमताचा युक्तिवाद सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या मते निकालातला महत्त्वाचा वाद दुसरा आहे. संशय असलेल्या मुलाचीच चाचणी का घेऊ नये, असं अल्पमतातल्या तीन न्यायाधीशांनी विचारलं. शाळेत मूल दिवसभर मोठ्यांच्या नजरेसमोर असतं, तेव्हा संशयाला आधार मिळण्याची सोय शाळेइतकी दुसरीकडे कुठे आहे? ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा लाखो मुलांना रांगेत कशासाठी उभं करायचं? बहुमताचं उत्तर व्यवहारी होतं. एका मुलाला बोटानं दाखवून चाचणीला नेलं की तो कलंक ठरतो. शिक्षक नको असलेल्या, वांड मुलांवर हे हत्यार चालवतील. प्रत्येक संशयावर पालक कोर्टात जातील. त्यापेक्षा चिठ्ठी बरी, ती कोणाचा अपमान करत नाही. पालकही ती मान्य करतात, कारण तिच्यात आरोप नसतो.

गांजा-कोकेनच्या बाबतीत ही मांडणी कशीबशी चालते. व्हर्नोनियाच्या चाचणीत अँफेटामाइन, कोकेन आणि गांजा एवढंच नेहमी तपासलं जाई. स्टिरॉइडचा तिथे संबंधच नव्हता. तरी पुढच्या दहा-बारा वर्षांत राज्यांनी स्टिरॉइडसाठी जे कार्यक्रम आखले, ते याच साच्यातले: संशय नको, चिठ्ठी हवी. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या एका प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी साचा आणखी रुंद झाला आणि गायनवृंदातली मुलंही त्यात आली. राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली आणि संशयाशिवायची चाचणी बेकायदा ठरवली. पण तोवर बाकी राज्यं पुढे निघून गेली होती.

अल्पमतातल्या न्यायाधीशांचं म्हणणं स्टिरॉइडला लावून पाहिलं तर तेही लंगडं पडतं. पाठीवर आणि खांद्यांवर अचानक उठलेले मुरूम, घोगरा झालेला आवाज, तापट स्वभाव, सुट्टीत वाढलेलं आठ-दहा किलो वजन ही स्टिरॉइडची लक्षणं म्हणून प्रशिक्षकांना वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत छापलेली असतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या आईला यादी दाखवा, ती म्हणेल, यात नवीन काय? वयात येणं आणि टेस्टोस्टेरॉन टोचणं यांत रसायन एकच असल्यामुळे लक्षणंही तीच. खरोखर मेहनत करून, चार वेळा जेवून वाढलेला मुलगा आणि सुई टोचून वाढलेला मुलगा वेटरूममध्ये शेजारी उभे केले तर डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. म्हणून कुजबुज दोघांबद्दल होते. दुसऱ्याला तिचा त्रास कमी होतो, कारण त्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

टेक्सासमध्ये वातावरण तापलं ते दोन घटनांनी. २००३ च्या जुलैत प्लेनो शहरातल्या सतरा वर्षांच्या एका बेसबॉल खेळाडूनं आत्महत्या केली. स्टिरॉइड सोडल्यानंतर आलेल्या नैराश्यामुळे हे घडलं, असं आईवडिलांचं म्हणणं होतं, आणि वडिलांनी ते मार्च २००५ मध्ये संसदेच्या समितीसमोर मांडलं. त्याच सुमारास डॅलसजवळच्या एका उपनगरात एका आईला मुलाच्या सामानात कुपी आणि सुया सापडल्या. तिनं शाळेला कळवलं, मुलांचा एक गटच हे घेतोय असंही सांगितलं. फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकानं ती खोटं बोलते आहे असं वृत्तपत्राला सांगितलं. नंतर त्या शाळेतल्या नऊ खेळाडूंनी कबुली दिली आणि प्रशिक्षकानं माफी मागितली. इथे संशय होता, पुरावा होता, सांगणारं माणूस होतं. नव्हती ती फक्त तक्रार नेऊन द्यायची जागा.

त्यातून धडा काढला गेला तो मात्र चिठ्ठीचा. न्यू जर्सीनं २००५ च्या डिसेंबरात गव्हर्नरच्या आदेशानं देशातला पहिला राज्यव्यापी कार्यक्रम जाहीर केला: अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत पोचलेल्या संघांतून वर्षाला सुमारे ५०० नमुने, त्यांत फुटबॉल, कुस्ती अशा खेळांना झुकतं माप. (मुलं तिथल्या हायस्कूलच्या संघात असलेल्या मराठी घरांना तो संमतीचा फॉर्म आठवत असेल.) फ्लोरिडानं २००७ मध्ये १ लाख डॉलर बाजूला काढून एक वर्ष प्रयोग केला आणि पैसे संपल्यावर थांबवला. इलिनॉय २००८ मध्ये आलं. टेक्सासनं मात्र सगळ्यांना मागे टाकलं. २००७ च्या कायद्यानं वर्षाला ३० लाख डॉलर मंजूर झाले आणि सगळ्याच खेळांतली मुलं-मुली चिठ्ठीत आली. गोल्फ खेळणारी मुलगी आणि सव्वाशे किलोचा लाइनमन यांना सारखंच माप. पहिल्या सत्रात १०,००० हून अधिक नमुने तपासले गेले, नक्की पॉझिटिव्ह निघाले दोन.

मग तरतूद घटत गेली आणि तिच्यासोबत नमुनेही. स्टिरॉइडची चाचणी गांजाच्या चाचणीपेक्षा कित्येक पट महाग. ती खास प्रयोगशाळेतच होते, त्यामुळे पैसे वाचवायला तपासायच्या पदार्थांची यादी आखूड ठेवली गेली. बहुतेक मुलं वजन वाढवतात उन्हाळ्यात, नमुने घेतले जातात शाळा सुरू असताना. तोंडावाटे घ्यायची काही स्टिरॉइड काही आठवड्यांत शरीरातून निघून जातात. आणि १९८८ ची ती एक तृतीयांश मुलं, जी कुठल्याच संघात नसतात, ती तर चिठ्ठीत कधी आलीच नाहीत. समर्थक म्हणत राहिले की भीतीनंच मुलं लांब राहिली. त्यात तथ्य असेलही, कारण देशभरच्या वार्षिक पाहण्यांत स्टिरॉइड घेणाऱ्या बारावीतल्या मुलांचं प्रमाण २००२ नंतर उतरलेलं दिसतं. पण ते चाचण्या नसलेली राज्यं धरूनच उतरलं आहे, आणि राज्यांतले बहुतेक कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून.

त्याच काळात मायामीजवळच्या एका 'अँटी-एजिंग' क्लिनिकच्या मालकाला पकडलं गेलं. तो नामांकित बेसबॉलपटूंबरोबरच हायस्कूलच्या मुलांनाही टेस्टोस्टेरॉन पुरवत होता, असं २०१४ च्या आरोपपत्रात आहे. तो सापडला माणसांनी तोंड उघडल्यामुळे, कागदपत्रं बाहेर आल्यामुळे.

२०१५ नंतर बाजार आणखी सरकला. सार्म नावाची, स्टिरॉइडसारखीच स्नायू वाढवणारी संयुगं 'फक्त संशोधनासाठी' अशा लेबलाखाली ऑनलाइन मिळू लागली. केंद्रीय औषध नियामकानं २०१७ मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा ४४ बाटल्यांपैकी जेमतेम निम्म्यांतच सार्म सापडलं, काहींत भलतंच औषध निघालं, काहींत काहीच नाही. म्हणजे आपण काय घेतलं हे घेणाऱ्या मुलालाही नेमकं सांगता येणार नाही. टेक्सासमध्ये चाचण्या थांबल्यावरही खेळाडू आणि पालकांकडून स्टिरॉइडच्या फॉर्मवर सही घेणं चालूच राहिलं.