सिम रेसिंग (ऑनलाइन)

शर्यतीच्या मोटारीचे वर्तन गणिती प्रतिमानाच्या आधारे संगणकावर उभे करून, स्टिअरिंग व पेडल वापरून ती मोटार इंटरनेटवरील इतर स्पर्धकांविरुद्ध पळवण्याचा क्रीडाप्रकार. त्यासाठी लागणाऱ्या प्रणालीला शर्यत सिम्युलेटर किंवा बोलीत नुसते ‘सिम’ म्हणतात.

मोटारींचे साधे व्हिडिओ गेम आणि सिम यांच्यातील सीमारेषा कुठे आखावी, हा जुना वाद आहे. गाड्यांच्या परवान्यांवरून, चित्रांच्या खरेपणावरून किंवा डॅशबोर्डावर किती बटणे चालतात यावरून केलेली विभागणी फार काळ टिकत नाही. दर चार-पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. प्रस्तुत नोंदीत टायरची पकड सुटू लागल्यावर गाडी काय करते, हीच कसोटी धरली आहे. या कसोटीवर ‘ग्रॅन टुरिस्मो’ (१९९७) मालिकेचे सुरुवातीचे भाग सीमेवर राहतात, नंतरचे आत येतात.

उगम : पहिला शर्यत सिम्युलेटर कोणता, याबाबत एकमत नाही. स्टिअरिंग, गिअर आणि पेडल असलेले आर्केड यंत्र म्हणून अटारीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’चे (१९७४) नाव पुढे केले जाते. पण त्यात ट्रॅक वरून दिसतो आणि गाडी म्हणजे पडद्यावर सरकणारे एक चित्र. चालकाच्या नजरेने रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांमध्ये जर्मन अभियंते राइनर फोर्स्ट यांच्या ‘न्यूर्बुर्गरिंग १’चा मान आधीचा दिसतो. त्याचा काळ कुठे १९७५, तर कुठे १९७६ दिला जातो. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. सारे काम ॲनालॉग मंडलांवर चाले आणि पडद्यावर काळ्या रात्रीत रस्त्याकडेचे पांढरे खांब तेवढे पुढे येत. अटारीचे ‘नाइट ड्रायव्हर’ (१९७६) त्याच वळणाचे आहे. ते लिहिणारे डेव्ह शेपर्ड यांच्यासमोर मूळ यंत्र नव्हते, जाहिरातपत्रकावरचे त्याचे चित्र होते. फोर्स्ट पुढे वाहनचालन-प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांकडे वळले, म्हणून त्यांना या शाखेचे आद्य प्रवर्तक मानण्याकडे काहींचा कल आहे. तो पूर्णपणे अमान्य करण्याचे कारण नाही. मात्र टायरचा विचार त्या यंत्रात शोधणे व्यर्थ आहे.

टायरच्या कसोटीवर पहिला भक्कम दावा जेफ क्रॅमंड यांच्या ‘रेव्हज’चा ठरतो. ॲकॉर्नसॉफ्टने बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ते काढले (१९८४, काही याद्यांत १९८५). त्यात फॉर्म्युला थ्री गाडी आणि सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक होता, आणि पंखांचा (हवेच्या दाबाने गाडी जमिनीवर रेटणाऱ्या पट्ट्यांचा) कोन बदलला की गाडीची पकडही बदले. दुसरा दावा डेव्हिड कॅमर यांच्या पपायरस संस्थेच्या ‘इंडियानापोलिस ५००’चा (१९८९). तेहतीस गाड्यांची संपूर्ण ग्रिड (शर्यतीच्या आरंभीची गाड्यांची रांग), टायरचे तापमान वाचून गॅरेजमध्ये गाडीची जुळणी करण्याची सोय आणि अपघाताचे पुनर्दर्शन ही तिची वैशिष्ट्ये. दोहोंत निवड करायचीच तर प्राथमिकता ‘रेव्हज’ला आणि परंपरा निर्माण केल्याचे श्रेय ‘इंडियानापोलिस ५००’ला देणे योग्य होईल. पपायरसच्याच ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ने (१९९८) १९६७ च्या हंगामातील पंख नसलेल्या, कमी पकडीच्या गाड्या घेतल्या. पहिल्याच वळणावर गिरकी खाऊन कुंपणात जाणारी ही गाडी बहुतेक ग्राहकांना झेपली नाही, पण आजच्या अनेक विकसकांची जडणघडण तिच्यावरच झाली.

ऑनलाइन शर्यतींचा आरंभ १९९० च्या दशकाच्या मध्यास पपायरसच्या ‘नॅसकार रेसिंग’च्या मोडेमवरील खेळापासून धरतात. पुढचे टप्पे थोडक्यात असे : ‘लाइव्ह फॉर स्पीड’ची पहिली चाचणी आवृत्ती २००२ मध्ये, ‘नॅसकार रेसिंग २००३ सीझन’ २००३ मध्ये, ‘आरफॅक्टर’ २००५ मध्ये. पपायरस बंद पडल्यावर कॅमर यांनी उद्योजक जॉन हेन्री यांच्यासह काढलेली ‘आयरेसिंग’ ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या गटाचे ‘असेटो कोर्सा’ २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ २०१९ मध्ये. ‘ल मां अल्टिमेट’ २०२४ मध्ये प्राथमिक रूपात आले.

टायरचे प्रतिमान : टायरचे तोंड ज्या दिशेला असते आणि तो प्रत्यक्षात ज्या दिशेने जातो, त्यांत वळणावर काही अंशांचा कोन पडतो. हा सरक-कोन वाढेल तशी बाजूची पकड आधी वाढते, कळस गाठते आणि मग ओसरते. कळसाच्या अलीकडे-पलीकडे गाडी खेळवणे हेच शर्यतीतील कसब होय. या वक्राला समीकरणात बांधण्याचे काम नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पासेइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केले. त्यांचे ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे सूत्र अनेक सिम्युलेटरांच्या मुळाशी आहे. नावात जादू असली, तरी ते प्रयोगशाळेतील मोजमापांवर बेतलेले वक्र-जुळणीचे सूत्र आहे. त्यामुळे मोजमापांच्या टप्प्यात ते चोख चालते. गाडी आडवी होऊन सरकू लागली किंवा रबर तापून बदलले, की त्याला ठिगळे जोडावी लागतात. कॅमर यांनी पुढे रबराच्या भौतिक गुणधर्मांपासून टायर उभा करण्याची वाट धरली. ती अधिक तत्त्वशुद्ध आहे, पण तिच्या दर नव्या आवृत्तीबरोबर खेळाडूंना गाडी हाकण्याची सवय बदलावी लागते, ही तक्रार कायम आहे. कोणते प्रतिमान खऱ्याच्या जवळ, यावर व्यावसायिक चालकांची मतेही जुळत नाहीत.

जाळे आणि विलंब : ऑनलाइन शर्यतीचा कणा येथे आहे आणि निवड करताना याचाच विचार सर्वांत कमी होतो. प्रत्येक खेळाडूचा संगणक फक्त स्वतःच्या गाडीचे संपूर्ण गणित करतो, सेकंदाला शेकडो वेळा. इतरांकडे मात्र तो गाडीची जागा, वेग आणि दिशा एवढीच माहिती तुटक पुडक्यांत, सर्व्हरमार्फत पाठवतो. पुडके पोहोचेपर्यंत ती गाडी पुढे गेलेली असते. ताशी २०० किमी. वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ५५·६ मी.; ०·१ सेकंदाच्या विलंबात गाडी साडेपाच मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक अंतर कापते. आलेली माहिती जशीच्या तशी दाखवली, तर शेजारून पळणारी गाडी मागे दिसेल.

म्हणून सिम अंदाज बांधतो. शेवटचा कळलेला वेग व दिशा कायम आहे असे धरून गाडी ‘आत्ता’ कुठे असेल ते काढतो आणि तिथे ती दाखवतो. जुन्या खलाशांनी किनारा दिसेनासा झाल्यावर वापरलेली ही युक्ती अमेरिकी लष्कराच्या १९८० च्या दशकातील सिमनेट या रणगाडा-प्रशिक्षण जाळ्यात संगणकावर आली. अशा जोडलेल्या सिम्युलेटरांसाठीच्या १९९३ च्या आय-ट्रिपल-ई १२७८ या मानकानेही ती स्वीकारली.

अंदाज कुठे फसतो, हे आकड्यांत पाहण्याजोगे आहे. सरळ रस्त्यावर चूक जवळजवळ शून्य. पुढच्याने ब्रेक दाबला आणि गाडीचा वेग दर सेकंदाला १५ मी./से. या दराने उतरू लागला, तर ०·१ सेकंदात अंदाज सुमारे साडेसात सेंमी.ने चुकतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच विलंब ०·२५ सेकंद झाला, की चूक ४७ सेंमी. होते, कारण ती विलंबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मागच्याच्या पडद्यावर पुढची गाडी अजून दूर असते आणि पुढच्याच्या पडद्यावर मागच्याने धडक दिलेली असते. दोघेही खरे बोलत असतात. शर्यतीनंतर होणारी निम्मी भांडणे याच अर्ध्या मीटरची असावीत.

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. स्थिर विलंब बराच सुसह्य असतो. घातक असतो तो क्षणाक्षणाला बदलणारा विलंब आणि हरवणारी पुडकी. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास माहितीला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ११० असून अढळ असणारा खेळाडू चांगला सोबती ठरतो, ४० आणि ३०० यांत उड्या मारणारा नाही. संगणकाला वायरने जोडणी द्यावी हा सल्ला म्हणूनच सर्वत्र दिला जातो. शिवाय दोन खेळाडूंमधला विलंब हा प्रत्येकाच्या सर्व्हरपर्यंतच्या विलंबांची बेरीज असल्याने, सर्व्हर कोणत्या खंडात आहे हे आधी पाहावे. एवढे करूनही जोडणी दगा देते ती देतेच. १३-१४ जून २०२० रोजी झालेली ल मांची आभासी २४ तासांची शर्यत सर्व्हरच्या अडचणींमुळे थांबवावी लागली होती, आणि जानेवारी २०२३ च्या आवृत्तीत आघाडीवर असलेल्या, फॉर्म्युला वन चालक मॅक्स व्हर्स्टापन यांच्या संघाची गाडी जोडणी तुटल्याने मागे पडली.

निवड : एकट्याने खेळण्यासाठी टायरचे प्रतिमान, ट्रॅकचा संग्रह, चित्रे या क्रमाने तुलना करता येते. ऑनलाइन खेळासाठी पहिला प्रश्न वेगळा : आपण ज्या वेळी खेळायला बसणार, त्या वेळी ग्रिडवर माणसे असतात का, आणि ती कशी चालवतात? उत्तम भौतिकी आणि ओस पडलेले सर्व्हर असे सिम थोडे नाहीत.

या दृष्टीने सिमचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात सेवाच शर्यतींचे वेळापत्रक, प्रतवारी आणि शिस्त सांभाळते. आयरेसिंग हे त्याचे ठळक उदाहरण : रुकी (नवखा), मग ‘डी’ ते ‘ए’ अशा परवान्याच्या पायऱ्या, वेगासाठी एक आणि सुरक्षिततेसाठी दुसरी अशी दोन स्वतंत्र मापे. ट्रॅक सोडला की १ गुण, गिरकी खाल्ली की २, दुसऱ्या गाडीशी जोरदार टक्कर झाली की ४ असे दोषगुण पडतात. दोष कोणाचा हे पाहिले जात नाही. टक्कर देणारा आणि खाणारा दोघांनाही सारखेच. हा नियम नवख्याला अन्याय वाटतो. त्याचा परिणाम मात्र असा, की समोरच्याला जागा सोडणे प्रत्येकाच्या स्वार्थाचे होते. अर्जदार फार झाले तर एकच शर्यत कौशल्याप्रमाणे अनेक ग्रिडमध्ये विभागली जाते, त्यामुळे संथ चालकाला संथच सोबती मिळतात. वर्गणी भरूनही गाड्या व ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागणे हे या सेवेचे मोठे वैगुण्य आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ (२०२२) प्लेस्टेशनवर अशीच दुहेरी प्रतवारी ठेवते आणि तिथे गेमपॅडवरही बरोबरीने शर्यत करता येते.

दुसऱ्या वर्गात सर्व्हर खेळाडूच चालवतात. असेटो कोर्सा आणि आरफॅक्टर यांना चाहत्यांनी बनवलेल्या हजारो गाड्या-ट्रॅकांची जोड आहे, पण सार्वजनिक सर्व्हरवरील पहिले वळण म्हणजे चेंगराचेंगरी. तिथे खरी शर्यत लीगमध्ये मिळते : ठरलेला वार, ओळखीचे चालक, शर्यतीनंतर चित्रण पाहून शिक्षा देणारे पंच. कॉम्पेटिझिओनेसाठी ‘लो फ्युएल मोटरस्पोर्ट’ या बाहेरच्या व्यासपीठाने पहिल्या वर्गाची शिस्त आणली आणि त्या सिमचे ऑनलाइन आयुष्य बरेच वाढवले.

साधनांपैकी स्टिअरिंगची चर्चा सर्वाधिक होते. गिअर वा पट्ट्याने चालणाऱ्या साध्या चाकांचा जोर दोन-तीन न्यूटन-मीटर असतो. मोटरच्या आसावर थेट बसवलेल्या डायरेक्ट ड्राइव्ह चाकांचा पाचपासून पंचवीसपर्यंत. तरी लॅपमधील (ट्रॅकच्या फेरीतील) सातत्य ब्रेकच्या पेडलवर अधिक अवलंबून असते. पेडल किती सरकले याऐवजी किती दाब पडला हे मोजणारा लोड सेल ब्रेक असेल, तर पायाच्या स्नायूंची स्मृती कामी येते. पडद्यावरील दृश्याचा कोन डोळ्यांपासूनच्या अंतराशी जुळवणे फुकटचे असून फार थोडे जण ते करतात : ६० सेंमी. रुंदीचा पडदा ६० सेंमी.वर असेल, तर आडवा कोन सुमारे ५३ अंश येतो. सुरुवातीला हा देखावा फार कोंदट वाटतो, पण वळणे खऱ्या आकाराची दिसू लागतात. मात्र बाजूची गाडी दिसत नाही. त्यासाठी जवळच्या गाड्या दाखवणारे रडार किंवा आवाजी सूचना देणारा ‘स्पॉटर’ चालू ठेवतात.

खेळण्याची रीत : अनुभवी खेळाडू नवख्याला कमी ताकदीच्या गाडीपासून सुरुवात करायला सांगतात. आयरेसिंगमध्ये स्पोर्ट्स कार गटातील शर्यतींचा आरंभ बहुधा माझदा एमएक्स-५ ने होतो, आणि वरच्या परवान्याचे कित्येक चालक हौसेने पुन्हा तिच्याकडे येतात. कारण उघड आहे : पंखांच्या गाडीला पुढच्याच्या मागची विस्कटलेली हवा नडते, या गाडीला उलट सरळ रस्त्यावर त्या हवेच्या आडोशाने वेग मिळतो, आणि चार-पाच गाड्यांची झुंड शेवटच्या लॅपपर्यंत फुटत नाही. आनंद जागेवर ठरत नाही, झुंजीवर ठरतो; चौदाव्या जागेसाठी आठ लॅप चाललेली लढत आघाडीवरच्या एकाकी विजयापेक्षा जास्त काळ सांगितली जाते. पहिल्या वळणावर चार मीटर आधी ब्रेक लावणे, डिवचल्यावर चॅटमध्ये उत्तर न देणे आणि ट्रॅकवर परतताना मागून येणाऱ्यांना आधी जाऊ देणे, या अलिखित संकेतांचे पालन करणाऱ्याची गुणवत्ता प्रतवारीत दिसण्याआधी इतरांच्या ध्यानात येते.

खऱ्या शर्यतींशी नाते : ग्रॅन टुरिस्मोच्या खेळाडूंतून खरे चालक निवडणाऱ्या जीटी अकादमी या स्पर्धेतून (२००८ पासून) लुकास ओर्दोनेझ आणि यान मार्डनबरो असे चालक प्रत्यक्ष ट्रॅकवर आले. २०२० च्या टाळेबंदीत नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यत संस्थेने आयरेसिंगवरील निमंत्रितांची मालिका दूरचित्रवाणीवर दाखवली. २२ मार्चची पहिली शर्यत डेनी हॅमलिन यांनी जिंकली. २०२१ च्या ऑलिंपिक आभासी मालिकेतही मोटार शर्यतीचा समावेश होता.

जतन : गाड्या-ट्रॅकांचे परवाने संपले की सिम विक्रीतून काढले जातात, ‘प्रोजेक्ट कार्स’चे पहिले दोन भाग २०२२ मध्ये असेच गेले. मध्यवर्ती सेवेवर चालणारे सिम ती सेवा असेपर्यंतच टिकते. याउलट ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ आणि ‘नॅसकार रेसिंग २००३ सीझन’ यांच्या शर्यती निर्माती संस्था बंद पडून दोन दशके उलटल्यावरही चाहते स्वतःच्या सर्व्हरवर भरवत आहेत.