काचबिंदू : प्रकार व वर्गीकरण

काचबिंदू हा एकच रोग नसून नेत्रविकारांचा गट आहे. दृक्‌तंत्रिकेचे (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे) तंतू झिजत जाणे, तिच्या बिंबावरील (डोळ्याच्या आत दिसणाऱ्या तिच्या गोल टोकावरील) खळगा रुंदावणे आणि दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसणे ही त्या सर्वांतील समान खूण. गेलेली दृष्टी परत येत नाही.

नावाचा उगम वादग्रस्त आहे. हिप्पॉक्राटीझच्या नावावरील सूत्रांत वृद्धांच्या विकारांमध्ये ‘ग्लाउकोसिस’ येतो. मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ काही जण ‘निळसर-हिरवा’, तर काही ‘चकाकणारा’ असा घेतात. भिंगाचे विकारही तेव्हा त्यातच मोडत असावेत. मराठी शब्दातील ‘काच’ बहुधा आयुर्वेदातून आला. तेथे तो तिमिराच्या (दृष्टी अंधुक होत जाण्याच्या विकाराच्या) एका अवस्थेचे नाव आहे. सुश्रुतसंहिता लिंगनाशाला, म्हणजे दृष्टी पुरती जाण्याला, ‘नीलिकाकाच’ही म्हणते. म्हणजे दोन्ही परंपरांत नाव बाहुलीच्या रंगावरून पडलेले दिसते. सुश्रुताचा अधिमंथ म्हणजेच काचबिंदू, असे अनेक वैद्य मानतात. अर्धे डोके घुसळल्यासारखी वेदना आणि काही दिवसांत दृष्टिनाश हे वर्णन तीव्र कोनबंदीच्या (डोळ्यातील द्रव निचरण्याची वाट एकाएकी बंद होण्याच्या) झटक्याला चांगले जुळते. वेदनारहित प्रकाराला मात्र ते लावता येत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिसो या फ्रेंच वैद्याने मोतीबिंदू म्हणजे गढुळलेले भिंगच, हे शवविच्छेदनाने दाखवले आणि दोन रोग वेगळे झाले. एकोणिसाव्या शतकातील विभागणी लक्षणांवर होती : लाल, दुखरा डोळा एकीकडे आणि डच नेत्रवैद्य डाँडर्सचा ‘साधा’, म्हणजे दाहाविना होणारा, काचबिंदू दुसरीकडे. ती फसवी होती, कारण कोन हळूहळू बंद होत असतानाही डोळा पुष्कळदा शांतच राहतो.

आजच्या वर्गीकरणाचा कणा म्हणजे हा कोन. परितारिकेमागील रोमक पिंडात तयार झालेले नेत्रजल (डोळ्याच्या पुढच्या भागातील द्रव) बाहुलीतून पुढे येते आणि परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) व स्वच्छमंडल (तिच्यापुढचे पारदर्शक आवरण) यांच्यामधील कोनातल्या जाळीतून झिरपून श्लेम नलिकेत, म्हणजे निचऱ्याच्या वाटेत, जाते. कोनातून येणारा प्रकाश स्वच्छमंडलात पूर्ण परावर्तित होत असल्याने कोन नुसत्या नजरेला दिसत नाही. डोळ्यावर खास भिंग टेकवावे लागते. या कोनदर्शनाच्या आधारे अमेरिकन नेत्रवैद्य बार्कन याने १९३८ मध्ये खुल्या आणि अरुंद कोनाचे प्रकार वेगळे केले. ही तपासणी आजही अनेकदा राहून जाते, आणि मग बंद कोनाच्या रुग्णाला खुल्या कोनाचे उपचार मिळतात.

खुल्या कोनात जाळीतच अडथळा असतो, आणि नेत्रजल नीट न निचरल्याने डोळ्यातील दाब बहुधा वाढतो. २१ मिमी. (पारा) ही या दाबाची रूढ वरची मर्यादा. पण दाब तिच्या आत असूनही तंत्रिका झिजते, तेव्हा त्यास सामान्यदाब काचबिंदू म्हणतात. उलट दाब जास्त आणि तंत्रिका शाबूत असेल, तर तो केवळ नेत्र-अतिदाब. त्यामुळे दाबावर व्याख्या बेतण्याची जुनी पद्धत मागे पडली, ते योग्यच झाले.

कोनबंदीच्या, २००२ पासून रूढ झालेल्या, तीन पायऱ्या आहेत. कोनाच्या तीन चतुर्थांश किंवा अधिक घेरात जाळीचा मागचा भाग दिसत नाही, बाकी सर्व ठीक, ती संशयित कोनबंदी. त्यात परितारिका कोनात चिकटलेली किंवा वाढलेला दाब आढळल्यास कोनबंदी. आणि दृक्‌तंत्रिकेला इजा झाल्यावरच कोनबंद काचबिंदू. पूर्व आशियात हा प्रकार युरोपपेक्षा बराच अधिक आढळतो.

दुय्यम प्रकारांची कारणे अनेक : मार, डोळ्यातील दाह, मधुमेहात परितारिकेवर वाढणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या. फार पिकू दिलेला मोतीबिंदू फुगून कोन बंद करतो किंवा त्यातून झिरपलेली प्रथिने जाळीत अडकतात. डोळ्यांच्या अॅलर्जीसाठी सल्ल्याविना महिनोन्‌महिने घातलेले स्टेरॉइडचे थेंब हे तर पूर्णपणे टाळता येणारे कारण.

जन्मजात प्रकारात कोनाची घडणच अपुरी राहते. पाणी गळणे, उजेड सहन न होणे आणि बुबुळ मोठे दिसणे ही लक्षणे. अशा मोठ्या डोळ्याला ‘वृषभनेत्र’ म्हणतात. साधारण तीन वर्षांनंतर डोळ्याचे आवरण ताणले जात नसल्याने ही खूण नव्याने उमटत नाही.