मद (हत्ती)

प्रौढ नर हत्तीला अधूनमधून येणारी, टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) उसळीशी जोडलेली आक्रमक अवस्था. बोलीत 'माज' किंवा 'मस्ती'. गाय माजावर येते तो माज मात्र वेगळा, मादीच्या ऋतुचक्राचा. हत्तीचा मद नराचाच, आणि तो नसतानाही नर समागम करू शकतो.

डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून काळपट, चिकट स्राव गालावर ओघळतो. मूत्र थेंबथेंब गळत राहून मागचे पाय भिजतात, खाणे कमी होते. एरवी माहुताचे ऐकणारा हत्ती त्याच्याच अंगावर धावून जातो. मदस्रावावर घोंगावणारे भुंगे संस्कृत काव्यात जागोजागी भेटतात. तो निव्वळ कविसंकेत मानू नये. तरुण आशियाई नराच्या स्रावाला मधासारखा गोड वास येतो आणि पोक्तपणी त्याची दुर्गंधी होते, असे 2002 साली रासायनिक तपासणीतून दाखवले गेले.

श्रीलंकेतील हत्तींच्या रक्ततपासणीत (1972) मद नसताना टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे दीड नॅनोग्रॅमच्या आत होते, ऐन मदात ते 30 ते 65 पर्यंत चढले. ताणाच्या संप्रेरकांचे चित्र इतके सरळ नाही. प्राणिसंग्रहालयांतील आशियाई नरांत मदाबरोबर कॉर्टिसॉलही वाढलेले दिसले, आफ्रिकन नरांत तसे आढळले नाही. त्यामुळे मद म्हणजे ताणाचा उद्रेक, असे म्हणता येत नाही.

आफ्रिकन हत्तींनाही मद येतो हे हत्तींच्या अभ्यासक जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी केनियातील अंबोसेलीच्या निरीक्षणांवरून 1981 साली मांडले. थोराड नर समोर आला की तरुण नराचा मद ओसरतो, कधी कधी काही मिनिटांतच. म्हणजे संप्रेरक वागणूक घडवते, तशी भोवतालची संगतही संप्रेरकाला आवर घालते.

याचा सर्वांत विदारक दाखला दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग उद्यानाचा. क्रूगर उद्यानात कळप मारले गेल्यावर उरलेली पोरकी पिल्ले तिथे आणून सोडली होती. त्यांना वळण लावायला एकही वडीलधारा नर नव्हता. त्यांतले नर एरवीपेक्षा कितीतरी लवकर मदात आले, महिनोन्‌महिने मदात राहिले आणि 1992 ते 1997 या काळात त्यांनी 40हून अधिक पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये क्रूगरमधून सहा थोराड नर आणले गेले. तरुणांच्या मदाचा काळ आखूड झाला आणि गेंड्यांची हत्या थांबली.