संशोधन जहाजावरच्या प्रशिक्षणाचा अर्ज: खान्देशातले अर्ज नेमके कुठे अडतात

गेली काही वर्षे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची विज्ञानाची मुले-मुली समुद्रविज्ञानाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करतात, तेव्हा पाठवण्याआधी तो नजरेखालून घालायला माझ्याकडे आणतात. नकाराचा मेलही बहुतेक वेळा आधी मलाच दाखवतात. इतके अर्ज पाहिल्यावर मी एवढे ठामपणे सांगू शकतो की ही मुले विषयात कमी पडत नाहीत. ती कागदांत अडकतात. त्यातही एक रकाना असा असतो की तिथे ती स्वतःच हार मानून मोकळी होतात. त्या रकान्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी हे प्रशिक्षण कुठे मिळते ते पाहू. भारतात समुद्र संशोधनाची जहाजे वेगवेगळ्या सरकारी संस्थांकडे आहेत. 'सागर कन्या' १९८३ साली सेवेत आले. 'सागर संपदा' हे मत्स्य व सागरी जीवसंशोधनाचे जहाज कोचीच्या केंद्राकडे, 'सागर निधी' चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेकडे आणि गुजरातेत बांधलेले 'सिंधू साधना' गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आहे. या जहाजांवर जागा मिळते ती मुख्यतः एखाद्या प्रकल्पातून. तुम्ही प्रकल्पात संशोधक छात्र किंवा सहायक असता आणि प्रकल्पप्रमुख सफरीच्या यादीत तुमचे नाव देतात. हैदराबादच्या 'इन्कॉइस'मधले (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र समुद्रशास्त्राचे अभ्यासक्रम चालवते. ते जमिनीवरचे असले तरी पुढच्या अर्जाला त्यांचे प्रमाणपत्र चांगले वजन देते. दुसरा मार्ग परदेशी फेलोशिपचा. 'पोगो' ही जगभरच्या समुद्रविज्ञान संस्थांची संघटना विकसनशील देशांतल्या नवोदित संशोधकांना जहाजावरच्या प्रशिक्षणासाठी निवडते. जर्मनीच्या 'पोलारस्टर्न' जहाजावर २०१६ मध्ये ब्रेमरहाफेन ते केपटाऊन असा प्रवास करत शिकवण्याचा कार्यक्रम झाला होता. अशा जाहिराती वर्षभर एकसारख्या निघत नाहीत, म्हणून संस्थांची संकेतस्थळे महिन्यातून एकदा पाहायची सवय ठेवा.

पात्रता कागदावर सोपी दिसते: विज्ञानातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, 'नवोदित संशोधक' असणे, इंग्रजीत काम करता येणे. पहिला गोंधळ 'नवोदित' या शब्दातच होतो. पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत, अशी अट असेल तर ती वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची? मौखिक परीक्षा झाली तो दिवस, विद्यापीठाची अधिसूचना निघाली तो दिवस, की पदवीदान समारंभ? आपल्याकडे समारंभ उशिरा होतो. मुले ती तारीख लिहितात, कारण त्याने मुदतीत बसता येते. छाननी करणाऱ्याला अर्जासोबतच्या अधिसूचनेवर वेगळी तारीख दिसते आणि अर्ज बाजूला पडतो. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले नसेल तर अधिसूचनेची तारीख लिहा आणि तिची प्रत जोडा. शंका असेल तर मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी संस्थेला दोन ओळींचा मेल करा, तो बहुधा वाया जात नाही. बाळंतपणामुळे किंवा आजारपणामुळे खंड पडला असेल तर काही जाहिरातींत त्याची सूट असते. मुली संकोचाने ते लिहीत नाहीत. लिहायला हवे.

आता तो रकाना. 'समुद्रावर काम केल्याचा अनुभव.' इथे आपली मुले रेघ मारतात. एकाने मला अगदी मनापासून विचारले होते, "सर, आपला खान्देशले समुद्र कोठे शे?" त्याला मी म्हणालो, नाही ना. पण तापी कुठे जाते? सुरतेजवळ खंभातच्या आखातात. नर्मदा आणि तापी दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती वाहून नेतात, आणि त्या मातीतली स्मेक्टाइट नावाची चिकण खनिजे अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात सापडतात. म्हणजे तुमच्या शेतातल्या काळ्या मातीची ओळख समुद्राच्या तळाशी पटते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला अर्जात लिहायला याहून चांगला धागा कुठे मिळणार?

हा अनुभवाचा रकाना प्रशिक्षणाच्या अर्जात आहे, हे लक्षात घ्या. ज्याला सगळे येते त्याला शिकवायला जहाज कोण पाठवेल? निवड करणाऱ्यांना कळायला हवे असते ते एवढेच की तुम्ही प्रयोगशाळेबाहेर, उन्हात, चिखलात, ठरलेल्या वेळी नमुना घेऊ शकता का आणि त्याची नोंद नीट ठेवता का. हतनूर धरणाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तुम्ही विंकलर पद्धतीने मोजला असेल, तर तेच लिहा. ही पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही जहाजावर वापरतात. खोल पाण्यात सोडलेल्या यंत्राचा ऑक्सिजन सेन्सर बरोबर आकडा देतो का, हे तपासायला बाटलीत धरलेल्या पाण्याचे याच पद्धतीने टायट्रेशन करतात. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन फार कमी असलेला जाड पट्टा आहे, तिथे हे मोजमाप फार महत्त्वाचे ठरते. तुमच्या हाताला त्या पद्धतीचा सराव आहे, आणि तुम्ही त्या रकान्यात रेघ मारता!

म्हणून रकाना असा भरा: कुठल्या पाण्यावर काम केले, किती नमुने घेतले, किती महिने, कोणती मोजमापे केली, नोंदवही कोणाकडे आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी पाणी गाळून जीवाणू वेगळे केले असतील तर गाळणीच्या छिद्राचा आकारसुद्धा लिहावा. सगळ्यात खाली एक सरळ वाक्य: 'समुद्रावर अद्याप गेलेलो नाही.' खोटा अनुभव लिहू नका. मुलाखतीत खोल पाण्याचा नमुना घेणारी निस्किन बाटली कशी बंद होते, असे विचारले की दोन मिनिटांत उघडे पडते, आणि मग खरा अनुभवही कोणी मानत नाही. हेतुपत्रात 'मला लहानपणापासून समुद्राचे आकर्षण आहे' हे वाक्य नको. ते सगळेच लिहितात. त्याऐवजी तापीच्या पाण्याबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा.

यानंतरचा अडथळा विद्यार्थ्याच्या हातात नसतो. जाहिरातीत 'योग्य मार्गाने' अर्ज पाठवा असे असते, किंवा मूळ संस्थेचे ना-हरकत पत्र आणि परत आल्यावर तुमचा उपयोग कसा होईल याचे हमीपत्र मागतात. विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे, तिथून वरच्या कार्यालयात असा तो कागद फिरतो. एका मुलीचे पत्र आमच्या भागातल्या एका कार्यालयात अकरा दिवस टेबलावर पडून होते, कारण 'जहाजावर जाण्यासाठी' असा विषय पाहून ते कोणत्या फाइलला लावायचे हे कोणाला ठरवता आले नाही. मुदत संपली. मला याचा अजून राग येतो. सहीसाठी लागणारी पाच मिनिटे त्या मुलीला एका वर्षाला पडली. तुम्ही एवढे करा: पत्राचा मसुदा स्वतः टाइप करून न्या, विषयात 'संशोधन प्रशिक्षणासाठी ना-हरकत' असे लिहा, जाहिरातीतला तो परिच्छेद अधोरेखित करून सोबत लावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आठवण करायला लाजू नका. ते पत्र संस्थेच्या ईमेलवरूनच जाऊ द्या, खासगी मेलवरून आलेले पत्र काही ठिकाणी धरत नाहीत.

नावाबद्दल आता लक्ष देऊन वाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका ओळीत, आडनाव वेगळ्या ओळीत. जर्मन किंवा इंग्रज कारकुनाला 'पाटील' हे तुमचे पाळण्यातले नाव वाटते. त्यात आधारवर वडिलांचे नाव 'रमेशभाऊ', दहावीच्या प्रमाणपत्रावर 'रमेश', पदवीवर 'रमेशराव'. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची तर फारच ओढाताण होते. अर्ज, तिकीट, विमा, वैद्यकीय दाखला, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसेच नाव लिहा, अक्षरसुद्धा वेगळे नको. जुन्या कागदांवर फरक असेल तर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. कायमचा बदल झाला असेल तर राजपत्रातली नोंद लागते आणि तिला वेळ लागतो.

पासपोर्टच नसलेले अर्जदार मला अजून भेटतात. 'निवड झाली की काढू' म्हणतात. साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, तत्काळला २,००० जास्त. खरी अडचण पोलीस पडताळणीची. पत्ता घरचा दिलेला, मुलगा पुण्याला खोली करून राहतो, हवालदार गावात येऊन जातात आणि अहवालात 'पत्त्यावर आढळला नाही' असे जाते. अर्ज केल्यानंतरचे काही दिवस गावी थांबा, किंवा सध्या राहता तिथला पत्ता पुराव्यासह द्या. युरोपात चढायचे असेल तर शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, दोन पाने कोरी लागतात आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आयोजक बरेचदा सहा महिन्यांची मुदत मागतात, तीच धरून चाला.

वैद्यकीय दाखला हा असा कागद आहे जो सगळ्यांना आपल्याकडे आहे असे वाटते. तालुक्याच्या डॉक्टरांचा 'प्रकृती ठणठणीत आहे' असा दाखला जहाजावर चालेलच असे नाही. जाहिरातीत 'समुद्रावर काम करण्यास योग्य' असे असेल तर नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडे जावे लागते. त्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. मान्यताप्राप्त डॉक्टर मुख्यतः बंदरांच्या शहरांत असतात, म्हणून मुंबईची एक फेरी गृहीत धरा. हा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. परदेशी जहाजांचा स्वतःचा नमुना असतो, तो छापून सोबत न्या.

सातपुड्यातल्या, विशेषतः नंदुरबारकडच्या मुलांना एक कळकळीची सूचना. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर इलेक्ट्रोफोरेसिसचा (तुम्ही वाहक आहात की आजारी, हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल सोबत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाहक असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते 'सिकलसेल आहे' असे तोंडी सांगितले तर गैरसमज होतो, आणि लपवले तर किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर त्रास झाल्यावर मदत मिळणे अवघड होते. दमा, फिट, मधुमेह यांबाबतही हेच.

भारतीय जहाजांसाठी नुकसानभरपाईचे बंधपत्र मुद्रांकावर द्यावे लागू शकते. जुन्या नमुन्यात शंभराचा मुद्रांक लिहिलेला असला तरी ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा बऱ्याच दस्तांना ५०० रुपयांचा लागतो. मुद्रांक तुमच्याच नावाने घ्या, आणि नोटरीसमोर जाताना दोन्ही साक्षीदार बरोबर न्या.

मुदतीबद्दल. परदेशी जाहिरातीत रात्री ११:५९ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिले असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९ झालेले असतात, तेव्हा घाबरून अर्धवट अर्ज पाठवू नका. उलटही होते. मध्य युरोपातले हिवाळ्यातले दुपारचे १२ म्हणजे आपले दुपारचे ४:३०, आणि मुले रात्री बसून भरू म्हणतात. 'मुदतीपर्यंत पोहोचलेले' आणि 'मुदतीपर्यंत पाठवलेले' यांतला फरकही पाहा. स्पीड पोस्टची पावती पहिल्या प्रकारात उपयोगाची नाही.

आणखी एक. शहरांत काही एजंट 'जहाजावर नोकरी' म्हणून मुलांकडून लाखांत पैसे घेतात आणि सीडीसी काढून देतो म्हणतात. ते खलाशांच्या जहाजावरच्या नोकरीची नोंद ठेवणारे अधिकृत पुस्तक आहे. प्रशिक्षणार्थी संशोधकाने जाहिरातीत मागितल्याशिवाय त्याच्या मागे लागू नये. फेलोशिपची जागा 'पक्की' करायला कोणालाही पैसे द्यायचे नसतात. कोणी मागितले तर आधी घरी सांगा.

बाकी गोष्टी किरकोळ: सर्व कागद एका पीडीएफमध्ये, मोबाइलने काढलेली सावली पडलेली छायाचित्रे नकोत, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला महाविद्यालयातून आधीच घ्या.

निकालात तुमचे नाव राखीव यादीत असेल तर फाइल बंद करू नका. निवड झालेल्यांपैकी कोणाचा व्हिसा अडतो, कोणी वैद्यकीय तपासणीत मागे राहतो, आणि जहाज निघायच्या दोन-तीन आठवडे आधी मेल येतो: 'आपण येऊ शकता का, ४८ तासांत कळवा.' ज्याचा पासपोर्ट, दाखला आणि ना-हरकत पत्र तयार आहे तोच त्या वेळी 'हो' म्हणू शकतो. स्पॅमची पेटी रोज उघडून पाहा. सफर गोव्याहून निघणार असेल तर भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते, पण जहाज तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. निदान दोन दिवस आधी पोहोचाल असे तिकीट काढा.