दहा रुपयांच्या साबणातला कर

२०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेसाठी सेवा केंद्रापुढे रांगा लागल्या होत्या. घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या शेजारच्या मावशींना कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी सोबत गेलो होतो. अट अशी होती की नवरा-बायकोपैकी कुणी आयकर किंवा जीएसटीचं विवरणपत्र भरत असेल तर पैसे मिळणार नाहीत. मी विचारलं, तसं मावशी हसल्या. "आमी कुठला जीएसटी भरतोय रे? आमचं काय दुकान हाय व्हय?"

अटीच्या दृष्टीनं उत्तर बरोबर. पण मावशींच्या पिशवीत दहा रुपयांची साबणाची वडी होती. तेव्हा साबणावर १८ टक्के जीएसटी होता. म्हणजे त्या दहा रुपयांतले १ रुपया ५३ पैसे कराचे. कंपनीनं तो सरकारजमा केला, मावशींनी तो सोसला. कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, याला अर्थशास्त्रात अप्रत्यक्ष कर म्हणतात. आयकर तुमची मिळकत विचारतो. साबणाचा कर काहीच विचारत नाही. वडी मावशींनी घेतली काय आणि टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली काय, कर तेवढाच.

आता दोन घरं धरू. आकडे माझे, हिशेबापुरते. मागावर काम करणाऱ्या घराची मिळकत महिना १५,००० आणि खर्चही १५,०००. हातात काही उरत नाही. त्यांच्या खर्चावर सरासरी ६ टक्के कर बसला तर झाले ९०० रुपये. दुसऱ्या घरात दीड लाख येतात आणि ७०,००० खर्च होतात. तिथं गाडी, हॉटेल, एसी असल्यामुळे सरासरी ९ टक्के धरू, म्हणजे ६,३०० रुपये. रुपयांत दुसरं घर सातपट कर देतं, दरही त्याचाच जास्त. पण मिळकतीशी ताडून बघा. पहिल्या घराचे ६ टक्के गेले, दुसऱ्याचे ४.२. फरक पडतो तो शिल्लक टाकलेल्या ८०,००० मुळे, कारण न खर्चलेल्या पैशावर जीएसटी लागत नाही. अशा कराला पाठ्यपुस्तकात 'प्रतिगामी' म्हणतात. शब्द शिवीसारखा वाटतो, पण अर्थ एवढाच की मिळकत वाढत जाते तसा तिच्यातला कराचा वाटा घटत जातो.

म्हणूनच कुणी श्रीमंतच जास्त जीएसटी भरतात म्हणतं, कुणी गरीब भरतात म्हणतं, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. एक रुपये मोजतो, दुसरा मिळकतीतला वाटा. मला दुसरी मोजणी जास्त प्रामाणिक वाटते.

घर जितकं गरीब तितका खर्चातला जेवणाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या तळाच्या पाच टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये निघाला, तर शहरातल्या वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. ही तफावत ठाऊक असल्यामुळेच सुटा तांदूळ, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. मात्र तोच तांदूळ छापील पिशवीत बंद झाला की जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतात.

आता शून्य म्हणजे खरोखर शून्य का? येळ्ळूरच्या शिवारातला बासमती घ्या. पोत्यातून सुटा विकला तर कर नाही. पण औषध फवारलं त्यावर कर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर कर, डिझेलवर तर केंद्राचाही आणि राज्याचाही. कारखानदाराला कच्च्या मालावरच्या जीएसटीची वजावट मिळते. शेतकऱ्याचा माल करमुक्त, म्हणून त्याला ती नाही. अंगावर आलेला कर तो भावात घालतो, आणि भाव मिळाला नाही तर स्वतःच गिळतो. आमच्या भागात बहुधा दुसरंच होतं.

सीमेवर राहणाऱ्यांना डिझेलचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर साबणावरच्या कराचा दर कर्नाटकातल्या निपाणीत आणि महाराष्ट्रातल्या कागलात एकच झाला. सीमाप्रश्न आहे तिथंच आहे, साबणापुरती सीमा मिटली. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र जीएसटीबाहेर राहिली. (दारूचं गणित चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना विचारावं.) कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर जून २०२४ मध्ये १८.४४ टक्के केला आणि एप्रिल २०२५ पासून २१.१७. ज्याची गाडी नाही त्यालाही हा कर चुकत नाही. तो भाजीच्या टेम्पोत बसून घरी येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, केसांचं तेल, शाम्पू ५ टक्क्यांवर आले. दहाच्या वडीत आता साधारण ४८ पैसेच कर. पण दहाची वडी आठ रुपये नव्वद पैशांना विकायची तर सुटे आणायचे कुठून? म्हणून बऱ्याच कंपन्यांनी छोट्या पाकिटांची किंमत तीच ठेवून आतला माल वाढवला. गरिबाला मिळालेली सूट अशी ग्रॅमात मिळाली.

परवा मावशींबरोबर त्या दोन हजारांचा हिशेब मांडला. रिचार्ज २९९ चं, त्यात कर ४५ रुपये ६१ पैसे. खाण्याचं तेल ३०० चं, त्यात १४ रुपये २९ पैसे. चहापूड, साखर, साबण मिळून ४००, त्यात १९ रुपये ५ पैसे. उरलेले तांदूळ, भाजी, दूध आणि नातवाच्या वह्यांत गेले, तिथं उघड कर नाही. एकूण ७८ रुपये ९५ पैसे. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या रिचार्जचे.

मावशींनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "एवडं भरतो म्हनतोस, तर पावती कुठं हाय?"

रिचार्जची तेवढी मोबाईलवर आली होती, इंग्रजीत. किराणावाला बिल देत नाही.