२१४७४८३६४७ हा आकडा आला कुठून?

सोलापुरात अक्कलकोट रोडला मामाच्या कारखान्यात जुन्या जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, पंचकार्डं अजून पोत्यात पडून आहेत. चादरीवरचा मोर असो नाहीतर वेलबुट्टी, हिशोब एकच, भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. म्हणजे एक आणि शून्यच की. आता ३१ जागा घ्या, प्रत्येकीची किंमत आधीच्या दुप्पट, १, २, ४ अशी, आणि सगळीकडे भोकं पाडा. डिझाइन म्हणून कार्ड बेकार, पण आकडा येतो २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आपल्या भाषेत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

हा मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंच याला भाग जात नाही, असं पहिल्यांदा इटलीच्या कातालदी या गणितज्ञानं १५८८ च्या सुमारास म्हटलं. १७ आणि १९ व्या घाताचे आकडे त्यानं भागून भागून तपासले होते, ते बरोबर निघाले, मग गडी जोशात येऊन २३, २९, ३१, ३७ पण चालतील म्हणाला आणि ३१ सोडून सगळे फसले. १६४४ मध्ये फ्रान्सच्या मर्सेननं असे मूळ आकडे देणाऱ्या घातांच्या आपल्या यादीत ३१ घेतला, पण सिद्ध त्यानंही केलं नाही.

ते केलं स्वित्झर्लंडच्या ऑयलर या गणितज्ञानं, १७७२ मध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना! कुठल्याही आकड्याला भाग जातो का बघायचं तर वर्गमुळापर्यंत, इथं ४६३४० पर्यंत, तपासावं लागतं. पण त्यानं दाखवलं की याला भागणारी मूळ संख्या असलीच तर तिला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार, बाकीच्यांकडे बघायचीच गरज नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर पहिली येते ३११, भागून बाकी ३५, गेली. पुढची मूळ संख्या डायरेक्ट १३०३. असे जास्तीत जास्त ३७२ भागाकार, बास. पाटीवर होईल एवढं काम, खरी करामत ती गाळणी शोधण्यात आहे.

यावरून जी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज तेवढीच येते अशी, ६ = १ + २ + ३ सारखी) बनते ती सगळ्यात मोठी, यापुढं कोण शोधणारच नाही, कारण उपयोग काय, असं १८११ मध्ये इंग्लंडच्या बार्लो या गणितज्ञानं लिहून ठेवलं. १८७६ मध्ये फ्रान्सच्या लुकासनं भागाकार न करताच २ चा १२७ वा घात वजा १, हा ३९ अंकी आकडा, मूळ ठरवला आणि बार्लोसाहेब तोंडावर पडले. २०२४ मध्ये सापडलेल्या अशा मूळ आकड्यात तर ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत.

आणि उपयोगाचं म्हणाल तर ३२ बिटच्या कॉम्प्युटरमध्ये एक बिट, म्हणजे एक-शून्याची एक जागा, अधिक-वजा चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच, मूळ असण्याशी त्याचा काही संबंध नाही, योगायोग. जुन्या सिस्टिम १९७० पासून सेकंद मोजतात, ते १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या आकड्यावर पोचतील. सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असेल आणि पुढच्या सेकंदाला त्यांचं घड्याळ १९०१ मध्ये.